स्क्लेरोडर्मा : हाताचा रक्तपुरवठा कमी होण्याची विरळ कारणे

स्क्लेरोडर्मात (त्वचाकाठिण्यात) गारठ्याने बोटे पांढरी पडतात, निळी होतात आणि ऊब मिळाली की लाल होतात. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये वर्णिलेला हा प्रकार सार्वदेहिक स्क्लेरोडर्माच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत आढळतो. त्यामुळे हाताची कुठलीही तक्रार रेनोच्या खात्यावर टाकली जाते आणि वरच्या धमनीतला अडथळा निसटतो.

खानदेशात यावर हवामानच बोट ठेवते. रावेर-यावलकडे पारा दहा अंशांखाली उतरतो तेव्हा केळीलाही गारठा बाधतो. रेनोचा त्रास तर वाढणारच. पण वैशाखात जळगाव ४४-४५ अंशांवर तापलेले असताना एकच हात गार राहत असेल, दोरीवर कपडे वाळत घालताना तोच भरून येत असेल, तर दोष बोटांपेक्षा वर शोधावा.

गळपट्टीच्या हाडाखालून जाणारी सबक्लेव्हियन धमनी चरबीच्या थराने अरुंद होऊ शकते. विडी ओढणाऱ्यांत धोका जास्त. मानेतली जादा बरगडीही ती दाबते. तरुण स्त्रीच्या मनगटाची नाडी लागत नसेल, तर ताकायासू धमनीदाहाची (मोठ्या धमन्यांना सूज आणणाऱ्या आजाराची) शंका घ्यावी. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे (शरीराच्याच घटकांवर उलटणाऱ्या प्रथिनांमुळे) रक्ताच्या गुठळ्या होतात. हृदयाची लय बिघडून तिथली गुठळी हातात येऊन अडकली, तर हात एकाएकी पांढराफटक आणि बधिर होतो. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नये. अर्धशिशीवरची अर्गोटची गोळी किंवा प्रोप्रॅनोलॉलही धमन्या आवळते, म्हणून औषधांची पिशवी तपासावी.

तपासणीची सुरुवात साधी असते. दोन्ही हातांचे बीपी मोजावे; वरच्या आकड्यात १५ मिमीहून अधिक फरक सतत दिसला तर डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी), गरजेनुसार सीटी अँजिओग्राफी (रंगद्रव्य टोचून धमन्यांचे सीटी स्कॅन). धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

करंगळीच्या बाजूची अल्नर धमनी बंद होणे मात्र स्क्लेरोडर्मात तितके विरळ नाही. ॲलन चाचणीत रुग्णाला मूठ आवळायला सांगून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबतात, मूठ उघडवून फक्त अल्नरवरचा दाब सोडतात. तळवा काही सेकंदांत लाल झाला नाही, तर तो हात अंगठ्याकडच्या रेडियल धमनीवरच तगून आहे. अशा मनगटातून, म्हणजे रेडियल धमनीत नळी घालून, अँजिओग्राफी करणे शक्यतो टाळतात.