श्वासाचा उंबरठा

पणजीत कांपालहून मिरामारकडे पहाटे नदीकाठाने चालताना मला रोज दोन प्रकारची माणसे भेटतात. काही गप्पा मारत चालतात. मुलांच्या परीक्षा, बाजारातले सुंगटांचे भाव, काल रात्रीचे नाटक असे विषय निघतात. काही मात्र जबडा आवळून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत धावत असतात. डिसेंबरात दोघांचीही गर्दी असते. एप्रिल येईतो जबडा आवळणारे बरेचसे दिसेनासे होतात.

आमच्या शेजारच्या वहिनींचे असेच झाले. जानेवारीत त्यांनी व्यायामशाळेत नाव घातले. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाने ट्रेडमिलच्या पट्ट्यावर असे पळवले की तिसऱ्या आठवड्यात त्या घरी बसल्या. "माझ्यात जिद्दच नाही गो," म्हणाल्या. मला हे पटत नाही. जिद्द कमी पडली नव्हती, वेग चुकला होता आणि तो वेग त्यांनी निवडलेला नव्हता.

व्यायामाने मन प्रसन्न होते हे आपण ऐकत आलो आहोत. पण संशोधक पूर्वी हा प्रश्न बहुधा व्यायामाआधी आणि व्यायामानंतर विचारत. घाम पुसून, पाणी पिऊन बसलेला माणूस "बरे वाटतेय" असेच सांगणार. चालू व्यायामात काय वाटते ते कळण्यासाठी हार्डी आणि रेजेस्की यांनी 1989 मध्ये एक साधी मोजपट्टी मांडली. उणे 5 म्हणजे फार वाईट, अधिक 5 म्हणजे फार छान. पट्ट्यावर चालणाऱ्याला दर काही मिनिटांनी एवढेच विचारायचे: आत्ता किती?

ही पट्टी वापरून पॅन्टेलीमॉन एकेकाकिस आणि इतरांनी जे दाखवले, ते व्यायाम शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवे असे मला मनापासून वाटते. वेग वाढत गेला की शरीरात एक उंबरठा येतो. स्नायूंत आम्ल साचू लागते, रक्त ते निष्प्रभ करताना जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास एकाएकी धापेत बदलतो. ओळखायची खूण सोपी आहे: आता सलग बोलता येत नाही, वाक्य मध्येच तुटते. या उंबरठ्याच्या अलीकडे बहुतेकांना बरे वाटते. अगदी उंबरठ्यावर माणसागणिक फरक पडतो, कुणाला तो ताण आवडतो, कुणाला नाही. पलीकडे मात्र जवळपास सगळ्यांचाच आकडा घसरतो. थांबल्यावर तो झटकन वर येतो, आणि म्हणूनच केवळ शेवटी विचारले तर ही घसरण कधी दिसतच नाही.

याचे कारण सुंदर आहे. अलीकडे असताना मनाला मोकळीक असते, सोबत, संगीत, मांडवीवर पसरणारे ऊन, "मला जमतेय" हा विश्वास, सगळे आत पोचते. पलीकडे गेलात की छाती, पोटऱ्या आणि घसा यांचे निरोप इतके मोठ्याने येतात की बाकी काही ऐकू येत नाही. शरीर धोक्याची सूचना देत असते. तिथे नदी कितीही सुंदर असो, तिचा उपयोग होत नाही.

मेंदूतले रसायनही याच बाजूने बोलते. धावण्याच्या धुंदीचे श्रेय वर्षानुवर्षे एंडॉर्फिनला दिले गेले. 2021 मध्ये जर्मन संशोधकांनी एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन लोकांना धावायला लावले, तरी ती धुंदी आलीच. आता नजर आहे शरीर स्वतः बनवणाऱ्या गांजासदृश रेणूंवर. त्यांतला एक 1992 मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडला आणि त्याला चक्क आपल्या 'आनंद' शब्दावरून ॲनँडमाइड हे नाव दिले गेले. धावणाऱ्यांवरच्या एका प्रयोगात हे रेणू मध्यम वेगाला वाढले. फार हळू किंवा फार जोरात पळताना वाढले नाहीत.

वहिनींच्या बाबतीत सगळ्यात लागू पडणारा प्रयोग 2006 चा. बैठे काम करणाऱ्या स्त्रियांना आधी स्वतःच्या वेगाने चालू दिले, मग वेग फक्त 10 टक्क्यांनी वाढवला. वजन जास्त असलेल्या स्त्रियांचा आनंद तेवढ्यानेच उतरला. दहा टक्के! प्रशिक्षकाचे बोट बटणावर सहज तेवढे दाबले जाते. आणि 2008 च्या एका अभ्यासात, मध्यम व्यायाम करताना ज्यांना बरे वाटले, ती माणसे सहा महिन्यांनी आणि वर्षानेही जास्त हालचाल करत होती.

आपल्याकडे हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात हवाच इतकी दमट असते की घाम सुकत नाही. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला हृदय अधिक धडधडते. डिसेंबरात गप्पा मारत कापलेले अंतर मे महिन्यात धाप लावते. तेव्हा वेग उतरवावा, त्यात लाज कसली?

शिवाय क्रमही महत्त्वाचा. 2016 च्या एका प्रयोगात पंधरा मिनिटांची सायकल काहींना सोप्याकडून अवघडाकडे चालवायला दिली, काहींना उलट. एकूण मेहनत सारखीच. अवघड आधी करून सोप्यावर संपवणाऱ्यांना व्यायाम अधिक आवडला, आणि आठवड्यानंतरही त्याची आठवण गोड होती.

म्हणून परवा वहिनींना घेऊन आधी चढच घेतला, मळ्यातल्या मारुतीच्या बाजूने आल्तिन्होच्या टेकडीवर. त्या विहीणबाईंची काहीतरी गोष्ट सांगत होत्या. अर्ध्या चढावर वाक्य तुटले, तशा आम्ही पावले आखडली. वर पोचलो, मग रमतगमत नदीकडे उतरलो. खाली आल्यावर मी विचारले, उणे पाच ते अधिक पाच, आत्ता किती?

"तीन," त्या म्हणाल्या, "अधिक तीन. हां, तर विहीणबाई काय म्हणाल्या..."