वेबसाइट उतरवली म्हणजे नेमकं काय उतरतं?

विसर्जन झालं की आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला मांडव दोन दिवसांत उतरतो. उत्सवाची वेबसाइट मात्र कोजागरीपर्यंत तशीच उभी होती. तिच्यावर आरतीच्या वेळा होत्या, स्पर्धांचे निकाल होते आणि (इथंच मी माती खाल्ली) स्वयंसेवकांचे मोबाइल नंबरही होते. "कर्ज हवंय का" विचारणारे फोन रोज यायला लागले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "ती साइट काढ बाबा आधी!" फोन साइटमुळेच येत होते असं काही सिद्ध करता येणार नाही, पण साइट मीच बांधली होती.

ती होती गिटहब पेजेसवर. गिटहब ही प्रोग्रॅमच्या फाइली ऑनलाइन ठेवायची जागा, आणि पेजेस म्हणजे त्या फाइलींतून वेबसाइट उभी करायची तिथलीच सोय. २००८ पासून असलेली ही सोय सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी फुकट आहे. रिपॉझिटरी म्हणजे फाइली, आणि त्यांच्यातल्या प्रत्येक बदलाची तारीखवार चोपडी. ही चोपडी ठेवणारं 'गिट' लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलं. पेजेस या फाइलींवरून साइट तयार करतं आणि तिची वेगळी प्रत सर्व्हरवर ठेवतं. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात छापील पुस्तक असतं, हस्तलिखित प्रकाशकाच्या कपाटात, तसंच हे.

मी घाईघाईनं फाइलीतून नंबर खोडले. पानावरून ते गेले, पण चोपडीत राहिले! खोडण्याआधीची फाइल कशी होती हे जपून ठेवणं हेच तर गिटचं काम. रिपॉझिटरी सार्वजनिक असल्यामुळे जुना बदल उघडून कोणीही ते वाचू शकत होतं. इतिहास पुन्हा लिहिण्याची साधनं आहेत, पण कोणी आधीच आपली प्रत काढून नेली असेल तर तिच्यापर्यंत आपला हात पोचत नाही. म्हणून चुकून पासवर्ड चढला तर तो आधी बदलायचा, पुसापुशी नंतर. फोन नंबरचं काय करणार?

साइट बंद करायला सेटिंग्जमध्ये 'अनपब्लिश' आहे. त्यानं सर्व्हरवरची तयार प्रत जाते, रिपॉझिटरीला धक्का लागत नाही. मात्र साइट कुठल्या शाखेवरून (म्हणजे फाइलींच्या कुठल्या धाग्यावरून) तयार करायची हे तिथं नोंदलेलंच राहिलं, तर पुढचा बदल चढवताच साइट पुन्हा हजर होऊ शकते. कायमची बंद करायची तर तो पर्यायही 'काही नाही' असा करावा. फुकट खात्यावर रिपॉझिटरी खासगी केली तरी साइट बंद पडते आणि चोपडीही झाकली जाते. मी शेवटी तेच केलं.

तरीही काकूंच्या फोनवर पान दिसतच होतं. पेजेस प्रत्येक पानासोबत ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं, साठवून ठेवायची मुभा देतं. तेवढा वेळ ब्राउझर आणि वाटेतले साठवण-सर्व्हर जुनी प्रत दाखवू शकतात. चहा होईपर्यंत तिथं '४०४', म्हणजे 'पान सापडलं नाही', आलं. गूगलच्या निकालांतून पान जायला त्याहून वेळ लागतो, कारण गूगलचा रोबो परत फिरकून जाईपर्यंत जुनी नोंद तशीच असते.

सगळ्यात धोक्याची जागा मात्र वेगळीच आहे, आणि तिकडे कोणी बघत नाही. साइटला स्वतःचं नाव घेतलं असेल, तर डीएनएसमध्ये, म्हणजे कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं हे सांगणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीत, 'हे नाव गिटहबकडे' अशी नोंद असते. साइट काढली आणि ती नोंद ठेवली, तर दुसरा कोणी आपल्या रिपॉझिटरीत तेच नाव टाकून त्यावर हवं ते दाखवू शकतो. घर सोडलं, पण दारावर पाटी आपलीच. यावर गिटहबनं नावाच्या मालकीची पडताळणी आणली आहे, तरी मी म्हणेन, आधी डीएनएसमधली नोंद काढा आणि मग साइट.

जाता जाता एक गंमत. २ फेब्रुवारी २०२० रोजी गिटहबनं निवडक सार्वजनिक रिपॉझिटऱ्यांची नक्कल काढली, ती फिल्मवर उतरवली आणि नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या एका बंद कोळसा खाणीत ठेवली. हजार वर्षं टिकावी म्हणून. आमची साइट त्यानंतरची, म्हणून काकूंचा नंबर वाचला.

यंदाच्या साइटवर नंबर नाहीत. काकूंनीच मजकूर सांगितला: "चौकशी ऑफिसात येऊन करावी. सायं. ६ ते ८. फोन करू नये."