आमवाताचे निदान वेळेत होण्यासाठी
आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर

पहाटे म्हशीची धार काढताना मूठ आवळत नाही, भाकरी थापताना बोटांच्या मुळाशी ठणका लागतो आणि आखडलेले हात मोकळे व्हायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ जातो, अशी तक्रार सांगून करवीर, कागल, पन्हाळा या भागांतील अनेक भगिनी आमच्याकडे युरिक ॲसिडची तपासणी मागतात. ती तपासणी गाऊटसाठी, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या सांध्यांच्या आजारासाठी, उपयोगी आहे. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा निराळा आजार असून त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो.

यासाठी आर.ए. फॅक्टर व अँटी-सीसीपी (रक्तातील प्रतिपिंड शोधणाऱ्या) आणि ईएसआर व सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या) या रक्ताच्या तपासण्या केल्या जातात. आर.ए. फॅक्टर क्षयरोगात, हिपॅटायटिस सीमध्ये, एवढेच नव्हे तर काही निरोगी वृद्धांमध्येही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी त्या मानाने पुष्कळ नेमकी आहे. मात्र दोन्ही निगेटिव्ह येऊनही आमवात असू शकतो, हे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते. २०१० साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत एकूण १० गुण असून आमवात मानण्यासाठी ६ लागतात. त्यांपैकी ५ पर्यंत गुण कोणते व किती सांधे धरले आहेत यावर, तर एक गुण त्रास ६ आठवडे टिकल्याबद्दल मिळतो. रक्ताच्या सर्व अहवालांचे मिळून जास्तीत जास्त ४ होतात. म्हणूनच निगेटिव्ह अहवाल पाहून निर्धास्त होऊ नये आणि सांधे हाताने तपासून घेणे टाळू नये.

चिकुनगुनियानंतरही सांधे आठवडेच्या आठवडे धरतात, तेव्हा अलीकडे ताप येऊन गेला असल्यास तो डॉक्टरांना अवश्य सांगावा. तथापि सूज असेल, तर ‘वाताचेच दुखणे, बरे होईल’ म्हणून महिनोन्‌महिने थांबणे घातक आहे. सांध्याची एकदा झीज झाली की ती भरून येत नाही, आणि तीन महिन्यांच्या आत योग्य औषध सुरू झाल्यास ती रोखण्याची शक्यता बरीच वाढते. सुरुवातीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छच असतो.

या तपासण्यांसाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही. कुणी दिलेल्या वाताच्या पुड्या, वेदनाशामक गोळ्या किंवा स्टेरॉइड घेत असल्यास नमुना देतानाच सांगावे, कारण विशेषतः स्टेरॉइडमुळे ईएसआर व सीआरपी खाली येऊन आजार झाकला जाऊ शकतो. अहवाल घेऊन आपल्या फिजिशियनकडे किंवा संधिवाततज्ज्ञाकडे जावे, आणि सूज उतरण्यापूर्वी जावे.