स्टार्टर ‘टक’ करून गप्प? मोटर लगेच बदलू नका

गाडीची चावी फिरवली की स्टार्टरमधून (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) नुसता ‘टक’ आवाज येतो, मग कुणीतरी बॅटरीकडून त्याच्याकडे येणाऱ्या केबलला टेस्ट लॅम्प लावतं. दिवा पेटतो आणि निकाल लागतो: करंट पोचतोय, म्हणजे स्टार्टरच गेला. हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि त्यापायी चांगल्या मोटरी भंगारात जातात.

दिव्याला जेमतेम अर्धा अँपिअर लागतो. केबलची एकच तार शाबूत असली तरी तो झकास पेटतो. स्टार्टर मात्र कारमध्ये सहज १५० अँपिअर ओढतो. वाटेत ०.०२ ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला, तरी ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. साधा व्होल्टमीटर लावून बिनलोड (सेल्फ न मारता) १२.६ व्होल्ट बघणं म्हणूनच फारसं कामाचं नाही.

खरी तपासणी लोडवर, म्हणजे सेल्फ मारत असताना. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (त्यावर बसवलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, नेमका दोष तिथेच लपतो), दुसरं स्टार्टरच्या बॉडीवर. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. साधारण ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. बहुतेकदा इंजिन आणि चॅसिसमधली पट्टी गंजलेली सापडते. पॉझिटिव्ह खांबापासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत मात्र ०.५ व्होल्टपर्यंत चालतं.

सेल्फ मारताना बॅटरीच ९.६ व्होल्टच्या खाली बसत असेल, तर आधी ती चार्ज करा. जोड साफ करताना निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा.