चीज गार्लिक ब्रेड मुळात कुणाचा?

परवा घरी आठ जण जेवायला होते, साधाच बेत, पास्ता नि टोमॅटो सूप, आणि सोबत तोंडी लावायला चीज गार्लिक ब्रेड. नेहमीप्रमाणे पास्ता अर्धा उरला आणि ब्रेडचा ट्रे दहा मिनिटांत साफ. त्यावर एकजण म्हणाला, इटलीत काय मजा असेल ना, रोज हेच खात असतील. मी तेव्हा काही बोललो नाही कारण तोंडात शेवटचा तुकडा होता, पण खरं सांगायचं तर इटलीत हे असं नसतं. म्हणजे लसूण लावलेला ब्रेड आहे, आणि जुना आहे, पण त्यात ना बटर ना चीज, आणि आपण ज्याला गार्लिक ब्रेड म्हणतो तो दोन वेगवेगळ्या घराण्यांची सोयरीक आहे, एक लसणाच्या ब्रेडचं आणि दुसरं चीज टोस्टचं, आणि दुसरं घराणं तर इटलीचं नाहीच.

आधी लसणाकडचे. इटलीत टस्कनी भागात फेत्तुंता म्हणून प्रकार आहे, शब्दाचा अर्थच तेलात न्हालेला काप. नोव्हेंबरच्या आसपास ऑलिव्हची तोडणी होते, घाण्यावर ताजं हिरवंगार तेल निघतं, घशाला जरा झोंबणारं, आणि ते चाखायला ब्रेडचा जाड काप निखाऱ्यावर भाजतात, गरम असतानाच त्यावर लसणाची सोललेली पाकळी घासतात, वरून तेलाची धार आणि मीठ. झालं. मीठ वरून घालावंच लागतं कारण टस्कनीचा ब्रेड मुळात अळणी असतो, पीठ मळताना मीठ घालतच नाहीत. भाजलेल्या ब्रेडचा खरखरीत पृष्ठभाग किसणीसारखं काम करतो, पाकळी बघता बघता झिजते, एकदा करून बघा. रोमकडे यालाच ब्रुस्केत्ता म्हणतात, निखाऱ्यावर भाजणे अशा अर्थाच्या बोलीतल्या क्रियापदावरून. आपल्याकडे त्याचं ब्रुशेटा झालंय आणि टोमॅटोशिवाय ते ब्रुशेटा नाही असाही समज झालाय, असो. मुद्दा काय तर हा पदार्थ तेलासाठी होता, ब्रेड नुसता वाहन.

मग हा बटरकडे गेला कसा? तर माणसं गेली म्हणून. १८८० ते १९२४ या काळात साधारण ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले, बहुतेक दक्षिणेकडचे, सिसिली, कालाब्रिया, नेपल्सच्या आसपासचे, आणि बहुतेक गरीब. तिकडे चांगलं ऑलिव्ह तेल बोटीने यायचं आणि महाग असायचं, पण दूधदुभतं भरपूर. गावाकडे जे सणासुदीला मिळायचं ते इथे रोज, त्यामुळे तेलाची जागा बटरने घेतली, आणि जिथे बटरही परवडत नव्हतं तिथे मार्गरिनने, म्हणजे नकली बटरने. ब्रेडही बदलला, गावाकडचा कडक सालीचा लोफ जाऊन लांबट, मऊ, आतून पांढराशुभ्र असा 'इटालियन ब्रेड' आला जो इटलीतल्या माणसाला ओळखू आला नसता. मऊ ब्रेडवर लसूण घासता येत नाही, तुकडे पडतात, म्हणून लसूण ठेचून बटरमध्ये कालवायची पद्धत पडली असावी असा माझा आपला अंदाज.

पण लसूण म्हटलं की तिथेही नाकं मुरडली जायची. आपल्याकडे सोवळ्यातल्या स्वयंपाकात लसूण नाही ते वेगळ्या कारणाने, तिकडे कारण सरळ वर्णभेदाचं होतं, इटालियन म्हणजे लसूणखाऊ, अंगाला वास येणारे. १९३९ साली लाइफ मासिकात बेसबॉलपटू जो डिमाजिओवर लेख आला, त्याचे वडील सिसिलीचे कोळी, सॅन फ्रान्सिस्कोत येऊन मासेमारी करणारे. त्या लेखात कौतुक म्हणून काय लिहिलंय तर हा केसांना तेल नाही पाणी लावतो, याच्या अंगाला लसणाचा भपकारा येत नाही, आणि याला स्पॅगेटीपेक्षा चायनीज आवडतं. म्हणजे शाबासकी देताना चिमटा काढायचा. आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्याच अमेरिकेत लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या टेबलक्लॉथवाल्या हॉटेलात लोक गार्लिक ब्रेड मागवून खात होते. कॅलिफोर्नियातल्या गिलरॉय गावात तर १९७९ पासून लसणाची जत्राच भरायला लागली, लसूण घातलेलं आइस्क्रीम वगैरे. दिवस फिरतात.

यात एका भलत्याच वस्तूचा हात आहे, फॉइलचा. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अॅल्युमिनियमचं उत्पादन प्रचंड वाढलं होतं, युद्ध संपल्यावर ते खपवायला नवीन गिऱ्हाईक हवं होतं, आणि १९४७ साली घरगुती स्वयंपाकासाठी फॉइलचा रोल बाजारात आला. पुढे हीच रीत झाली: लोफला तळापर्यंत न जाणारे काप द्यायचे, प्रत्येक फटीत लसणाचं बटर भरायचं, फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये टाकायचं. आत वाफ कोंडते, बटर झिरपतं, ब्रेड लुसलुशीत होतो, शेवटची पाच मिनिटं फॉइल उघडलं की साल कडक. पाहुणे यायच्या आधी गुंडाळून ठेवता येतं, शिळा ब्रेडही खपतो. घरच्या साध्या जेवणाचा साइड डिश म्हणून तो इतका फोफावला त्यात निम्मं श्रेय या सोयीचं.

आता गंमत अशी की या गुंडाळलेल्या ब्रेडवर चीज घालता येत नाही, फॉइललाच चिकटून बसतं. चीज घालायचं तर ब्रेड उघडा हवा आणि आच वरून हवी. आणि इथे दुसरं घराणं येतं.

चीज टोस्ट इंग्लंडचा. त्याचं वेल्श रॅबिट हे नाव अठराव्या शतकापासून सापडतं, रॅबिट म्हणजे ससा, पण त्यात ससा नाही, वेल्सच्या गरिबांची टर उडवायला ठेवलेलं नाव ते, पुढे सभ्य लोकांनी त्याचं रेअरबिट केलं. १७४७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात या रॅबिटचे तीन प्रकार दिलेत, स्कॉच, वेल्श आणि इंग्लिश. स्कॉचमध्ये ब्रेड दोन्हीकडून भाजून, बटर लावून वर ब्रेडच्या मापाचा भाजलेला चीजचा काप ठेवायचा, इंग्लिशमध्ये टोस्ट आधी रेड वाइनमध्ये भिजवायचा, आणि वेल्शमध्ये चीजची वरची बाजू तापलेल्या लोखंडाने भाजून मोहरी चोळायची. हे तापलेलं लोखंड म्हणजे लांब दांड्याची जाड चकती, चुलीत लाल करून पदार्थाच्या वर धरायची. तिचं नाव सॅलॅमँडर. आजही हॉटेलच्या किचनमध्ये वरून आच देणाऱ्या ग्रिलला सॅलॅमँडरच म्हणतात, आपल्याकडचे कुकसुद्धा.

वरून आच हे प्रकरण मला फार उशिरा कळलं. लहानपणी आमच्याकडे तो गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला, नानकटाई आणि केकवाला. त्याची कॉइल फक्त खाली. त्यात मी पहिल्यांदा चीज ब्रेड केला तेव्हा खालून कोळसा आणि वर चीज घाम आल्यासारखं नुसतं चमकतंय. आई म्हणाली, तवसळी कशी करायची आजी, झाकणावर निखारे ठेवून ना. बरोबर होतं तिचं. कोकणात काकडीची तवसळी वरखाली निखारे देऊनच भाजतात, तत्त्व तेच, सॅलॅमँडरची गरज आपण निखाऱ्यांवर भागवली. आता ओटीजीत नुसती वरची कॉइल लावता येते, तीन-चार मिनिटं, आणि त्या वेळात फोन बघायचा नाही एवढंच पथ्य.

इंग्रजांबरोबर हा टोस्ट इथल्या क्लबांत आला, आणि कुणीतरी त्यावर हिरवी मिरची पेरली, चिली चीज टोस्ट झाला. मुंबईच्या विलिंग्डन क्लबातलं एग्ज केजरीवाल हे त्याच्याच कुळातलं, चीज टोस्ट, मिरची आणि वर अर्धकच्चं अंडं. देवीप्रसाद केजरीवाल नावाच्या सभासदाला घरी अंडं चालत नव्हतं म्हणून ते क्लबात येऊन हे खायचे अशी गोष्ट सांगतात. चातुर्मासात बाहेर जाऊन ऑमलेट हाणणाऱ्या कुणालाही ती पटावी.

पण क्लब म्हणजे मूठभर लोक. सामान्य घरात चीज पोचलं ते गुजरातेतल्या आणंदहून. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ चा, अमूल हे नाव १९५५ चं, आणि मग त्यांचं चीज, आधी टिनच्या डब्यात, नंतर क्यूब नि स्लाइस. हे प्रोसेस्ड चीज, ज्याची युक्ती स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली निघाली आणि अमेरिकेत क्राफ्टने १९१६ साली पेटंट घेतलं. चीजमधली प्रथिनं कॅल्शियमने एकमेकांना धरून असतात, सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातले की ते कॅल्शियम ओढून घेतात, मग चीज तूप न सोडता एकसारखं वितळतं, टिकतं, पण त्याला तार येत नाही. मोझरेलाला तार येते कारण ती पकड तिथे शाबूत असते, गरम पाण्यात ताणून ताणूनच ते बनवतात. बरं, मूळ मोझरेला नेपल्सकडचा म्हशीच्या दुधाचा, अमेरिकेने पिझ्झ्यासाठी त्याचा गाईच्या दुधाचा कोरडा अवतार काढला, आणि तो कोरडा अवतार फिरून म्हशींच्या देशात आला. माझं मत विचाराल तर तार फोटोला बरी, चव किसलेल्या क्यूबला, दोन्ही निम्मं निम्मं घाला.

लसूण आणि पावाची ओळख मात्र आपल्याकडे आधीच झालेली होती, त्यासाठी इटलीची वाट कुणी बघितली नाही. पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला, पोदेर म्हणजे तिथले पाववाले माडाच्या सुरेने पीठ आंबवायचे, गोव्याचे बेकर मुंबईत आले, लादी पाव घराघरात गेला. १९६० च्या दशकात दादर स्टेशनबाहेर वडापाव आला आणि पावाच्या आत लसूण-खोबऱ्याची लाल चटणी. तव्यावर बटरमध्ये परतलेला मसाला पाव, हॅन्ड टोस्टरमधलं सँडविच, हे सगळं भाजलेल्या ब्रेडचंच गणगोत.

त्यामुळे १९९६ साली डॉमिनोजचं पहिलं दुकान दिल्लीत निघालं आणि मग ते लोण पुण्या-मुंबईत आलं तेव्हा गार्लिक ब्रेड कुणाला समजावून सांगावा लागला नाही. अमेरिकेत त्यांनी ब्रेडस्टिक्स १९९२ मध्ये देशभर आणल्या होत्या, तोवर मेन्यूत खायला पिझ्झ्याशिवाय काही नव्हतं. इकडे ब्रेडस्टिक्सवर भागलं नाही, पीठ दुमडून आत चीज, स्वीट कॉर्न आणि हॅलापिन्यो मिरची भरलेला स्टफ्ड प्रकार आला आणि तोच लाडका झाला. मला त्यातलं कॉर्न कधी पटलं नाही, असो, घरात मी एकटाच. पण त्या दुकानांनी एक मोठं काम केलं, ओरेगानोच्या पुड्या. प्रत्येक घरात फ्रिजच्या दारात किंवा चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ओरेगानो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्यांचा गठ्ठा असतोच, आणि घरचा गार्लिक ब्रेड त्याच पुड्यांवर चालतो, विकतची बाटली आणलेलं घर मी अजून बघितलं नाही.

घरी आता लादी पावाचाच करतात बहुतेक लोक. अख्खी लादी न तोडता आडव्या-उभ्या चिरा द्यायच्या, चिरांत बटर आणि चीज, म्हणजे फॉइलवाल्या लोफचीच रीत, फक्त उघडी. लसूण मात्र आधी ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा आणि मग बटरमध्ये घाला, कारण लसणाचा तो तिखट वास पाकळीत तयार नसतो, ठेचल्यावर आतली दोन द्रव्यं एकत्र येतात तेव्हा बनतो, आणि लगेच गरम केलं की बनायच्या आधीच प्रक्रिया थांबते. फेत्तुंता झोंबतो आणि गार्लिक ब्रेड सौम्य लागतो त्याचंही कारण तेच, तिकडे लसूण कच्चा, इकडे भाजलेला.

आमच्याकडे आषाढी ते कार्तिकी कांदा-लसूण बंद, सासूबाई असेपर्यंत तर कडक. त्या चार महिन्यांत मुलांचा हट्ट म्हणून मी बिनलसणाचा करायचो, पावाला दोन्हीकडून बटर, वर चीज, वरून आच. सासूबाई दोन तुकडे घ्यायच्या आणि म्हणायच्या, आता कसं शुद्ध इटालियन. प्रत्यक्षात तो १७४७ चा स्कॉच टोस्ट निघाला, जवळपास तसाच, फक्त ओरेगानोची पुडी जास्तीची.