आयसीयूसाठी सेन्सरवाली फीडिंग ट्यूब: चाचणीची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या नाकातून पोटात जाणाऱ्या नळीला आपल्याकडे सिस्टरपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. दिसायला साधी नळी. पण ती चुकून श्वासनलिकेत शिरली आणि तिच्यातून फीड (पातळ आहार) सोडलं गेलं, तर पेशंटच्या जिवावर बेततं. नळी जागेवर आहे का हे ठरवायचे भरवशाचे मार्ग दोनच: एक्स-रे, किंवा नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ किंवा त्याहून कमी येणं. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने ‘गुडगुड’ ऐकण्याची पद्धत अजून चालते, पण तिच्यावर विसंबता येत नाही. शिवाय आयसीयूत अनेकांना अॅसिडिटी कमी करणारं औषध चालू असतं, त्यामुळे पीएचही फसवू शकतो.

म्हणून नळीतच सेन्सर बसवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. कुठे तो आम्लता मोजतो, कुठे अन्न वर उलटतंय का ते विद्युतरोधावरून ओळखतो, तर कुठे नळीचा मार्ग पडद्यावर दाखवतो. सेन्सर आला म्हणजे धोका संपला, असं मात्र नाही. मार्ग दाखवणाऱ्या अशाच एका यंत्रणेबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये रिकॉलची सूचना काढली. ती वापरत असताना नळी चुकीच्या जागी गेल्याने २०१५ पासून ६० जणांना इजा आणि २३ मृत्यू झाल्याचं कंपनीने कळवलं होतं. चाचणीची परवानगी इतकी कसून का तपासतात, ते यावरून कळावं.

मी एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर (माणसांवरच्या चाचण्यांची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीवर) डॉक्टर नसलेली, सामान्य नागरिक सदस्य म्हणून बसते. अर्ज कुठे अडतात हे तिथे जवळून पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

परवानगी कोणाची

भारतात हे सगळं ‘वैद्यकीय उपकरण नियम, २०१७’ खाली येतं. ते १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. माणसांवरच्या चाचणीची परवानगी केंद्राची, म्हणजे दिल्लीच्या सीडीएससीओची (औषधं आणि उपकरणांवर नियंत्रण ठेवणारी केंद्रीय संस्था). उपकरणं बनवणारी पुण्या-नाशिकची तरुण मंडळी आधी राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) चकरा मारतात, त्यात महिने जातात. राज्याचा संबंध पुढे, ‘बी’ वर्गातल्या, म्हणजे कमी ते मध्यम धोक्याच्या उपकरणाच्या उत्पादन परवान्याच्या वेळी येतो.

आधी आपली नळी कोणत्या खान्यात बसते ते पाहा. तशाच हेतूचं, तशाच मटेरियलचं आणि रचनेचं उपकरण भारतात आधी मंजूर नसेल, तर नियमांच्या भाषेत तुमची नळी ‘इन्व्हेस्टिगेशनल’ ठरते. मंजूर नळीच्या रचनेत मोठा बदल केला, किंवा ती नव्या कामासाठी वा नव्या गटातल्या पेशंटसाठी वापरायची असेल, तरीही तेच. साध्या राइल्स ट्यूबला सेन्सर जोडून ‘ही तर जुनीच नळी’ असं म्हणणं टिकणार नाही.

नंतर धोक्यानुसार ठरणारा वर्ग. शरीराच्या नैसर्गिक मार्गातून आत जाणारं आणि ३० दिवसांपर्यंत राहणारं उपकरण साधारणपणे ‘बी’ वर्गात येतं, त्याहून जास्त काळ राहणारं ‘सी’मध्ये. पण सेन्सरचं सॉफ्टवेअर स्वतःहून फीडिंग पंप थांबवत किंवा चालू करत असेल, तर चित्र बदलू शकतं. अशा वेळी अंदाजावर न राहता वर्ग सीडीएससीओकडून लेखी ठरवून घ्या.

मंजूर उपकरणावर निव्वळ शैक्षणिक अभ्यास करायचा असेल, उदाहरणार्थ एमडीचा प्रबंध, तर एथिक्स कमिटीची मान्यता पुरते. अट एकच: त्यातली माहिती पुढे विक्रीचा परवाना मागण्यासाठी वापरता येत नाही.

अर्जांचा क्रम

चाचणीपुरत्या थोड्या नळ्या बनवायलाही परवाना लागतो. अर्जाचा फॉर्म एमडी-१२, मिळणाऱ्या परवान्याचा एमडी-१३. नळ्या बाहेरून आणायच्या असतील तर एमडी-१६ आणि एमडी-१७. हे झालं की मुख्य अर्ज, एमडी-२२, आणि त्याची परवानगी एमडी-२३. सगळं ऑनलाइन. सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेला या चाचणीच्या अर्जाची फी माफ आहे; छोट्या टीमने अशा हॉस्पिटलबरोबर काम करण्याचं हे एक चांगलं कारण.

आधी थोड्या पेशंटवर ‘पायलट’ आणि तिचे निकाल पाहून मोठी ‘पिव्होटल’, असा क्रम असतो. दोन्हीसाठी वेगळी परवानगी.

एमडी-२२ सोबतच्या कागदांत उपकरणाचं वर्णन आणि रचना, धोक्यांचं विश्लेषण (आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४९७१), शरीराशी जुळतं का याच्या तपासण्या (आयएसओ १०९९३), प्राण्यांवरच्या चाचण्यांची माहिती, चाचणीचा आराखडा, इन्व्हेस्टिगेटर ब्रोशर (चाचणी करणाऱ्या डॉक्टरांसाठी उपकरणाची माहितीपुस्तिका), नोंदीचा फॉर्म, संमतीपत्र आणि प्रमुख डॉक्टरांचं हमीपत्र येतं. नळीत वीज खेळते, म्हणून विद्युत सुरक्षेचा अहवालही (आयईसी ६०६०१-१) हवा. जोडणीचं तोंड आयएसओ ८०३६९-३ प्रमाणे आहे ना, हे मी नेहमी विचारते. फीडची नळी चुकून सलाइनच्या लाइनला जोडता येऊ नये, यासाठीच ते मानक आहे. पेशंटला एमआरआयला न्यावं लागलं तर नळीचं काय करायचं, हेही आराखड्यात स्पष्ट लिहा. हा मुद्दा बऱ्याचदा राहून जातो.

कागद जमवताना मदत हवी असेल तर आयआयटी मुंबईचं वैद्यकीय उपकरणांचं केंद्र ‘बेटिक’ किंवा नवउद्योगांना मदत करणारं पुण्याचं व्हेंचर सेंटर ही विचारण्याची ठिकाणं आहेत.

एथिक्स कमिटी आणि पेशंटची पात्रता

जिथे चाचणी होणार, तिथल्या चाचणीला सीडीएससीओकडे नोंदणी असलेल्या एथिक्स कमिटीची मान्यता हवी. दोन्हीकडचे अर्ज बरोबरीने चालवता येतात, मात्र दोन्ही होकार हातात आल्याशिवाय एकही पेशंट घ्यायचा नाही. पहिल्या पेशंटच्या आधी सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांच्या सार्वजनिक ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणीही सक्तीची आहे. ती मोफत आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून चाचणी सुरू झाल्यावर केलेली नोंदणी चालत नाही.

कोणते पेशंट घ्यायचे हे आराखडा ठरवतो. सहसा १८ वर्षांवरचे आणि निदान दोन-तीन दिवस नळीने आहार लागेल असे घेतात. चेहऱ्याच्या किंवा कवटीच्या तळाच्या हाडाला फ्रॅक्चर, अन्ननलिकेची ताजी शस्त्रक्रिया किंवा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव असेल तर वगळतात. विद्युतचुंबकीय यंत्रणा असेल तर पेसमेकर असलेल्यांबद्दल स्वतंत्र विचार लागतो.

एका गोष्टीवर मी अडून बसते. चाचणीत प्रत्येक पेशंटचा नेहमीचा एक्स-रे झालाच पाहिजे, आणि फीड त्यावरच सुरू व्हावं. सेन्सर काय म्हणतो ते फक्त नोंदवा. ‘एक्स-रे वाचवणं’ हा फायदा सिद्ध व्हायच्या आधीच आराखड्यात तो गृहीत धरलेला मी वाचला आहे.

संमतीपत्र

फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच, आणि सगळ्यात घाईने लिहिलेलाही हाच असतो.

आयसीयूतला पेशंट सहसा स्वतः सही करू शकत नाही. त्याच्या वतीने कायद्याने मान्य प्रतिनिधी, बहुतेकदा नवरा, बायको, मुलगा किंवा मुलगी, संमती देतात. त्यांना वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हजर हवा. पेशंट शुद्धीवर येऊन समजू शकेल अशा अवस्थेत आला की त्याला सगळं सांगून त्याची स्वतःची संमती घ्यायची. तो नको म्हणाला तर तिथेच थांबायचं, आणि उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये.

आमच्याकडे आलेल्या एका मराठी संमतीपत्रात ‘सहभागींचे यादृच्छिकीकरण केले जाईल’ असं वाक्य होतं. दोन रात्री बाकावर झोपलेल्या माणसाला यातलं काय कळणार? आम्ही ते परत पाठवलं. बदलून आलं ते असं: ‘तुमच्या पेशंटला नवी नळी घालायची की नेहमीची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर ते निवडणार नाहीत.’ बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना आम्ही ते वाचून दाखवलं तेव्हा समजावून सांगावं लागलं नाही.

चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई प्रायोजकाने द्यायची, हे संमतीपत्रात स्पष्ट हवं. सेन्सरची नोंद कुठे साठवली जाते, कोण पाहतं, पेशंटचं नाव त्यातून काढलं आहे का, हेही हवं.

नातेवाइकांसाठी: सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या, ती देणं बंधनकारक आहे. तिच्यावर प्रमुख डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. कमिटीला थेट फोन करता येतो, त्यासाठी डॉक्टरांची परवानगी लागत नाही. सीटीआरआयच्या संकेतस्थळावर चाचणीचं नाव टाकून ती खरंच नोंदलेली आहे का, हेही कुणालाही पाहता येतं.