फोटोतून माणूस वेगळा काढण्यामागचा इतिहास

गणपती जवळ आले की लालबाग-परळमध्ये फ्लेक्सची कामं रात्रभर चालतात. शुभेच्छुकांचा प्रत्येक चेहरा कुठल्या तरी लग्नातल्या नाहीतर सभेतल्या फोटोतून कापून घेतलेला असतो. हे कापणं आज एका क्लिकवर होतं, पण त्यामागे बरीच मेहनत आणि बरंच गणित आहे.

संगणकाआधी छापखान्यात हे काम हातानं व्हायचं. निगेटिव्हवर नको असलेला भाग अपारदर्शक रंगानं बुजवायचा, किंवा वर लाल फिल्म ठेवून ती ब्लेडनं आकारानुसार कापायची. लालच का? कारण छपाईच्या लिथ फिल्मला लाल उजेड दिसत नाही. तिच्या लेखी लाल म्हणजे काळाच.

१९९० साली फोटोशॉप आलं तेव्हा त्यात लॅसो (हातानं रेघ ओढून भाग निवडायचं साधन) आणि मॅजिक वाँड होते. वाँड फक्त रंग बघतो: क्लिक केलेल्या ठिपक्याच्या रंगाशी जुळणारे शेजारचे ठिपके उचलतो. कोऱ्या भिंतीपुढे छान, दादर स्टेशनच्या गर्दीत निरुपयोगी. पुढच्याच वर्षी पेन टूल आलं: बिंदू ठेवत कडेभोवती रेघ आखायची. त्यातल्या वक्ररेषा रेनो कंपनीत मोटारींचे आकार आखणाऱ्या पिएर बेझिए यांच्या नावानं ओळखल्या जातात. हात बसला की पेनाइतकी स्वच्छ कड दुसरं काही देत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पेन हरतं ते केसांपाशी. एकाच ठिपक्यात थोडा केस आणि थोडी मागची भिंत असते, तिथे रेघ मारणार कुठे? याचं उत्तर फोटोशॉपच्याही आधीचं आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये एड कॅटमुल आणि ॲल्व्ही रे स्मिथ या संगणक-चित्रांच्या संशोधकांनी अल्फा चॅनेलची कल्पना मांडली: प्रत्येक ठिपक्याच्या रंगासोबत तो किती पारदर्शक आहे हेही नोंदवायचं. मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा शोध हाच वाटतो. मास्कमधल्या, म्हणजे फोटोचा कुठला भाग किती दिसावा हे ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्रातल्या, करड्या छटा म्हणजे तीच नोंद.

नंतर १९९८ मध्ये कडेला आपोआप चिकटणारा मॅग्नेटिक लॅसो आला. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी ग्रॅबकट नावाचं तंत्र मांडलं. त्यात माणसाभोवती नुसता चौकोन आखला की पुरे. पण माणूस म्हणजे काय, हे यातल्या कुठल्याच साधनाला ठाऊक नव्हतं. २०१८ मध्ये फोटोशॉपमध्ये आलेलं, फोटोतला मुख्य विषय आपोआप निवडणारं सिलेक्ट सब्जेक्ट मात्र असंख्य फोटोंवरून शिकून तयार झालं होतं. गजऱ्याच्या सुट्या कळ्या आणि नेटच्या ओढणीपाशी तेही अडखळतं. म्हणून चांगला ऑपरेटर आधी त्याच्याकडून ढोबळ निवड करून घेतो, खांदे-हात पेननं नीट करतो आणि केसांसाठी मास्कवर मऊ ब्रश फिरवतो.